मुकामार मॅडमचा सारखा मार

मुकामार मॅडम माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी त्याच्या अंगावरचे काळेनिळे डाग शोधायच्या. डाग सापडला की त्यांचा चेहरा असा उजळायचा, की ज्याला लागलंय त्याला उगाचच आपण काहीतरी चांगलं काम केल्यासारखं वाटावं. "दाबू का?" असं विचारायच्या आणि उत्तर यायच्या आत दाबायच्या. एकदा आमच्या कॉलेजातले, नुकतंच लग्न झालेले एक सर कॉलर वर करून स्टाफरूममध्ये आले. मॅडमनी चष्मा वर सरकवून त्यांच्या मानेकडे नीट पाहिलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे दातांचं आहे. माझ्या विषयात येत नाही." सर पुढचे कित्येक दिवस चहा वर्गातच मागवत होते.

त्यांचा विषय होता मुका मार. रक्त नाही, जखम नाही, हाड मोडलेलं नाही, नुसता आतल्या आत स्नायू चेचलेला आणि वरून डाग. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात त्या औषधशास्त्र शिकवायच्या. बाकीचे प्राध्यापक मधुमेह, रक्तदाब असल्या भारदस्त रोगांवर संशोधन करत. मॅडमनी असं दुखणं निवडलं होतं की ज्याला घरचे लोकही 'काही नाही, चोळ जरा' म्हणून वाटेला लावतात. "मधुमेहवाल्याची सगळे चौकशी करतात," त्या म्हणायच्या, "पलंगाच्या कोपऱ्यावर मांडी आपटलेल्याला कुणी विचारलंय?" त्यांचं टोपणनाव पोरांनी पाडलेलं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं. "मुकामार म्हणतात ना? म्हणू देत. नुसतं मुकी म्हणाले असते तर खटला भरला असता." त्यांना मुकी म्हणायची कुणाची छाती नव्हती. दोन वर्ग पलीकडे शिकवत असल्या तरी आम्हाला नोट्स उतरवता येत. त्या आता नाहीत. असत्या तर हे लिहिलेलं त्यांनी लाल पेनानं तपासून परत पाठवलं असतं.

माझी त्यांची गाठ पडली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटाला. मी मनमाडचा. वडील रेल्वेत. एम.फार्म.ला आलो तेव्हा मधुमेहाचे सगळे गाईड हुशार मुलांनी आधीच अडवले होते. उरल्या होत्या मुकामार मॅडम. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, तर त्यांनी माझं कोपर धरलं.

"हे कधी लागलं?"

"काल, मॅडम. गाडीच्या दारात."

"काल लागलेलं पिवळं असतं होय रे? आठवडा झालाय याला. खोटं का बोलतोस?"

"खोटं नाही, मॅडम. आठवत नाहीये."

"म्हणजे स्वतःच्या अंगाची खबर नाही आणि कशाबद्दल काही मतही नाही. छान. मला असाच पाहिजे होता." तेव्हापासून मी 'ए मनमाड' झालो. विद्यार्थ्यांना त्या गावाच्या नावानं हाक मारत आणि प्रयोगशाळेतल्या उंदरांना 'अहो' म्हणत. "अहो, इकडे या जरा," असं म्हणून उंदराला अलगद उचलायच्या आणि लगेच माझ्याकडे वळून, "गाढवा, पिंजरा कोण लावणार?"

त्यांना मतं नसलेला माणूस का हवा होता हे मला नंतर कळलं. मॅडम मखमलाबादच्या. घरचा मळा, टोमॅटो, फ्लॉवर, मेथी, कडेनं झेंडू. घरात पोरं बरीच, आणि पोरं म्हणजे विहिरीच्या काठावरून, बैलगाडीवरून, एकमेकांवरून पडणारच. आई आंबेहळद, रक्त्याबोळ आणि कसला तरी पाला वाटून पळीत गरम करायची आणि मुक्या मारावर थापायची. पोरं बरी व्हायची. ती पोरगी मोठी होऊन औषधशास्त्राची बाई झाली, तेव्हा तिनं ठरवलं की आईचा लेप जगाला सिद्ध करून दाखवायचा. भूल दिलेल्या उंदरांच्या मांडीवर लाकडी हातोडीनं स्वतः मार दिला, निम्म्यांना लेप लावला, निम्म्यांना नाही. लेपवाले झटपट बरे झाले. मॅडमनी ते एका परिषदेत वाचलं, टाळ्या पडल्या, आणि अंबडला मलमांचा छोटा कारखाना असलेल्या एका शेठजींना तो लेप ट्यूबमध्ये दिसू लागला. आम्ही त्यांना ट्यूबशेठ म्हणायचो.

त्याच परिषदेत घोटाळा झाला. शेवटच्या रांगेतला एक म्हातारा उठला. "मला वाटलं, हा जेवणापुरता आलाय," मॅडम सांगायच्या. "तर विचारतो, बाई, दोन्हीकडच्या उंदरांना मार सारखाच लागला हे कशावरून? मी म्हटलं, अहो, मीच दिलाय ना! तर म्हणतो, म्हणूनच तर विचारतोय."

त्यांनी घरी आल्या आल्या स्वयंपाकाचा वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि त्याच्यावर हातोडी मारून बघितली. एकदा मनात म्हणायच्या 'हा लेपवाला', एकदा 'हा बिनलेपाचा'. लेपवाल्याच्या वेळी काटा कमी सरकायचा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. "मी लबाडी नव्हते करत रे, मनमाड. माझा हात करत होता. आईच्या लेपाच्या उंदराला लागेल म्हणून तो आपोआप हळू होत होता."

आता त्यांना हात नसलेला मार हवा होता. सगळ्या उंदरांना सारखा, एकाच जागी, एकाच जोरानं. ट्यूबशेठना ही कल्पना फार आवडली. यंत्राचा फोटो ट्यूबच्या खोक्यावर घ्यायचा असं त्यांनी ठरवून टाकलं, आणि काम झालं की मला कारखान्यात नोकरीही देऊ केली.

यंत्र बनवायला आम्ही सातपूरला सलीमभाईंकडे गेलो. ते खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवायचे. मॅडमनी चित्र काढून दाखवलं: उभी नळी, तिच्यातून घसरणारं वजन, खाली उंदराची मांडी. सलीमभाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, चूहा मारने को पिंजरा मिलता है ना बाजार में. इतनी मशीन कायको?"

"मारायचा नाही हो, सलीमभाई. मार द्यायचाय."

"फरक क्या है?"

"तो उंदराला विचारा."

सलीमभाईंनी नळी करून दिली, पण पुढचे कित्येक दिवस ते आम्हाला जरा अंतर ठेवूनच चहा देत.

उंदरांआधी टोमॅटो. मॅडमच्या भावाच्या मळ्यातून क्रेट यायचे आणि आम्ही एकेका टोमॅटोवर वजन सोडायचो. मार लागलेला टोमॅटो पहिल्या दिवशी शहाण्यासारखा दिसतो, डाग दुसऱ्या दिवशी उमटतो. मार्केटला माल निवडून पाठवण्यात मॅडमचं बालपण गेलेलं, त्यामुळे अंगठ्यानं दाबून आत किती चेचलंय ते त्या सांगायच्या आणि मग कापून मला दाखवायच्या. प्रयोगशाळेला असा वास सुटला की समोरच्या वर्गातल्या मुली रुमाल लावून बसू लागल्या. एका टोमॅटोला एक डाग आणि दुसऱ्याला दोन, असं का होतं ते कळायला वेळ लागला. वजन खाली आदळून उसळायचं आणि परत पडायचं. "एक मार म्हणजे एकच मार," मॅडम ओरडल्या. "दुसरा फुकटचा कोण देतंय?" मग सलीमभाईंनी गेटच्या कडीसारखा एक खटका बसवला. वजन उसळलं की खटक्यात अडकायचं आणि तिथंच राहायचं. मॅडमनी त्या दिवशी सलीमभाईंच्या अख्ख्या दुकानाला भेळ खायला घातली.

पहिल्याच उंदराचं हाड मोडलं. भूल दिलेली होती, त्याला कळलं नाही, पण आम्हाला तो आवाज कळला. मॅडमनी त्याला हातात घेतलं, पुढचं जे करायचं ते भुलीतच केलं आणि मला घरी जा म्हणाल्या. मी प्रॅक्टिकलचं सामान आवरत रेंगाळलो, तर म्हणाल्या, "याला मोडतोड म्हणतात. ही मी नाही शिकवत. जा."

दुसऱ्या दिवशी त्या कॉलेजात लंगडत आल्या. खालच्या टोकाला रबराचा तुकडा लावून, वजन अगदी थोडं वर उचलून त्यांनी यंत्र आधी स्वतःच्या मांडीवर चालवलं होतं. जिन्यात प्राचार्य भेटले. "अहो मॅडम, काय झालं?"

"प्रगती," म्हणाल्या आणि लंगडत वर गेल्या.

रबर, उंची, वजन यांचा मेळ बसेपर्यंत एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. शेवटी असा मार सापडला की हाड शाबूत, कातडी शाबूत आणि आतला स्नायू दर वेळी जवळजवळ तेवढाच चेचलेला. काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवून मॅडम त्यांच्याकडे इतक्या मायेनं बघायच्या की मला तिथून उठून जावंसं वाटायचं.

मग प्रश्न आला की उंदीर बरा झाला हे ओळखायचं कसं. उंदीर काही बोलत नाही. मॅडमनी उंदरांच्या मागच्या पायांना निळी शाई लावून लांब कागदावरून चालवायचं ठरवलं. लंगडणाऱ्या पायाचा ठसा वेगळा उमटतो, बरा होत गेला की पंजा पुरता टेकतो. कॉरिडॉरमध्ये दोन फळ्यांची गल्ली केली, गल्लीच्या शेवटी अंधारा डबा. उंदीर अंधाराकडे जातो. बहुतेक जायचे. एक मात्र फळीवरून उडी मारून थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरला. तिथं तपासणी समितीसाठी तयार केलेली फाईल टेबलावर उघडी होती. तिच्यावरून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. प्राचार्य खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. मॅडम आत आल्या, फाईल उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि आनंदानं किंचाळल्या, "सर! उजवा पाय पूर्ण टेकवतोय, बघा! बरा झाला!"

ते पान मॅडमनी मागून घेतलं. प्राचार्यांनी दिलं, कारण त्या पानाचं दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

खरी परीक्षा झाली ती माझ्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. आता मार सारखा होता, मापही ठरलं होतं. राहिला होता लेप. मॅडम म्हणाल्या, "मला कळता कामा नये कुणाला काय लावलंय. माझ्यावर माझा विश्वास नाही." म्हणून निम्म्या उंदरांना लेप आणि निम्म्यांना तसाच पिवळा रंग घातलेली गव्हाच्या पिठाची कणीक, असं मी एकट्यानं लावायचो आणि बांधायचो. ठसे मोजायच्या मॅडम. माझ्या चेहऱ्यावरून ओळखतील म्हणून मोजणी चालू असताना मला बाहेर बसवायच्या.

निकाल प्राचार्यांच्या केबिनमध्ये उघडायचं ठरलं. ट्यूबशेठ पेढे घेऊन आले होते. मॅडमनी उंदरांचे क्रमांक सगळ्यात लवकर बरा झालेला आधी, अशा क्रमानं वाचायला सुरुवात केली आणि मी एकेकाचं सांगू लागलो.

"लेप."

शेठ हसले.

"पीठ. पीठ. लेप. पीठ."

शेठ हसायचे थांबले. यादी संपली. लेप आणि कणीक पत्ते पिसल्यासारखे एकमेकांत मिसळले होते. फरक काहीच नव्हता.

"मशीन बिघडलं असेल," शेठ म्हणाले.

"मशीन बिघडलेलं नाही."

प्राचार्यांनी घसा साफ केला. "मॅडम, आपला जुना निकाल होता की चांगला. छापूनही आलाय. त्यालाच धरून राहू. हे काय, नंतर सावकाश बघता येईल."

मॅडमनी खोका पुढे ओढून एक पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. "शेठ," त्या म्हणाल्या, "तुमचा लेप गव्हाच्या पिठाइतकाच गुणकारी आहे. हे खोक्यावर छापायला माझी हरकत नाही."

शेठ उरलेले पेढे घेऊन गेले.

आम्ही प्रयोगशाळेत परत आलो. मॅडम काचेची भांडी धुवायला लागल्या. ती सकाळीच धुतलेली होती. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझी नोकरी गेली ना रे?"

"हो, मॅडम."

"घरी सांग, उंदरांनी खाल्ली." मग नळ बंद केला, पदराला हात पुसले. "तुझं एक बरं आहे. मला आईला सांगायचंय."

त्या मला बरोबर घेऊनच मखमलाबादला गेल्या. एकटीनं जायचं टाळत होत्या हे मला कळत होतं. आई ओसरीवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होती. मॅडमनी, चार जिल्ह्यांतल्या प्राध्यापकांना गप्प करणाऱ्या बाईनं, खाली मान घालून सगळं सांगितलं. नळी, खटका, शाई, पीठ. आईनं जुडीला गाठ मारली.

"म्हंजी उंदरांला नाय लागू पडला?"

"नाही, आई."

"मंग उंदरांला नको लावू."

आणि पुढची जुडी घेतली. "ह्या पोराला चहा टाक. लय वाळलंय."

पुढच्या परिषदेत मॅडमनी स्वतःहून वेळ मागून घेतली आणि व्यासपीठावरून सांगितलं की मागच्या वेळी मी इथं जे वाचलं ते चुकीचं होतं, मार सारखा नव्हता, टाळ्या परत घ्या. सभागृहात कुणी हसलं, कुणी शेजाऱ्याच्या कानात बोललं. अध्यक्ष म्हणाले, असं होतं कधी कधी, मनाला लावून घेऊ नका. मॅडमचं लक्षच नव्हतं. त्या शेवटची रांग चाचपत होत्या. तो म्हातारा आला नव्हता. परतीच्या एस.टी.नं चांदवड मागं टाकलं. नंतर एकदम म्हणाल्या, "एवढं सगळं त्याच्यासाठी केलं, आणि हा आलाच नाही बघ. मेला जेवायलासुद्धा आला नाही!"

लेपाबद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही. खटक्याबद्दल मात्र चौकशा येऊ लागल्या. कुठल्या कुठल्या कॉलेजांतून लोक विचारायचे, नळी केवढी, रबर कसलं, उसळलेलं वजन अडकवता कसं. मॅडम सगळ्यांना सांगायच्या आणि शेवटी सलीमभाईंचा पत्ता द्यायच्या. आमच्या कॉलेजात मात्र त्या खोलीत कॉम्प्युटर बसले. तो काळच तसा होता. मॅडमना पहिल्या वर्षाचे तास दिले आणि यंत्र जिन्याखाली गेलं. गणपतीत पोरं त्याच्याखाली नारळ फोडायची. मी तक्रार केली तर मॅडम म्हणाल्या, "सगळे सारखे फुटतात का ते बघ."

त्या गोष्टींना काही वर्षं झाल्यावर नाशिकच्याच द्वारका चौकात त्यांची स्कूटर घसरली. मी तोवर सिन्नरच्या एका औषध कारखान्यात लागलो होतो. बघायला गेलो तर मॅडम पलंगावर आडव्या, मांडी काळीनिळी, आणि शेजारी म्हातारी आई वाफाळता लेप थापतेय. मी काही बोलायच्या आत मॅडमनी डोळे वटारले.

"मॅडम, हे तर तुम्हीच..."

"उंदरांबद्दल. गप्प बस."

"काय म्हनतंय ते?" आईनं विचारलं.

"काही नाही, आई. छान वास येतो म्हणतोय."

त्यांनी शेवटचा फोन केला त्याआधी बरेच दिवस आमचं बोलणं नव्हतं. मी जेवायला बसलो होतो. त्या 'हॅलो' कधीच म्हणायच्या नाहीत.

"मनमाड, आपला मार सारखा नव्हता."

"काय?"

"सारखा नव्हता रे! अकोल्याची एक पोरगी आहे. आपली नळी बनवून घेतली तिनं. तिच्या लक्षात आलं की वजन पडतं तेव्हा उंदराचा घोटा कसा धरलाय त्यावर सगळं आहे. पाय ताणलेला असला तर मार आत जातो, सैल असला तर वरच राहतो. आपण पाय कसा धरायचो?"

मी आठवून पाहिलं. "मी धरायचो, मॅडम. हातानं."

"हातानं!" त्या इतक्या जोरात हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मी माझा हात काढला आणि तुझा घातला! दोन वर्षं! त्या पोरीनं घोट्याला चिमटा बसवलाय. काय सुंदर चिमटा आहे! मला फोन करून रडवेली झाली होती. म्हणते, मॅडम, तुमचं चुकलंय असं कसं सांगू. मी म्हटलं, अगं, सांग की मोठ्यानं, ऐकायला किती बरं वाटतंय! तिला जेवायला बोलावलंय. तू पण ये."

"मॅडम, म्हणजे माझा प्रबंध..."

"गेला."

"आणि लेप?"

मग त्या तोंडाजवळ हात धरून बोलल्यासारख्या, अगदी हळू आवाजात म्हणाल्या. त्या हातोडीच्या गोष्टीनंतर त्यांचा आवाज खाली आलेला मी दुसऱ्यांदाच ऐकत होतो. "ती पोरगी बघणार आहे पुन्हा. पण आईला एवढ्यात सांगू नकोस हं. डोक्यावर मिऱ्या वाटेल माझ्या."

आणि फोन ठेवून दिला. बायकोनं वाटीत आमटी वाढता वाढता विचारलं, कुणाचा होता.

"मुकामार मॅडमचा. माझा एम.फार्म.चा प्रबंध चुकीचा निघाला."

"मग हसताय कशाला?"